वाचकांचे प्रश्न : कॉलेजचा गोलकीपर पुढे जाईल का, हे ओळखायचं कसं?

आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल आटोपला आणि विद्यापीठाचे संघ जाहीर झाले, की या सदराकडे गोलकीपरविषयीची पत्रं येऊ लागतात. फॉरवर्डचे गोल मोजता येतात, कीपरचं मोल मोजायचं कसं हे कुणीच सांगत नाही, अशी बहुतेकांची तक्रार असते. म्हणून या वेळची सगळी जागा त्या एकाच विषयाला दिली आहे.

प्रश्न : आमचा कीपर बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, वय १९. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पाच सामन्यांत त्यानं दोनच गोल खाल्ले. गावभर चर्चा आहे की हे पोरगं आयएसएल (इंडियन सुपर लीग) खेळणार. त्याला आणि त्याच्या घरच्यांना आम्ही काय सांगावं?
— क्रीडाशिक्षक, परभणी

उत्तर : सर, आत्ताच काही सांगू नका. पाच सामन्यांत दोन गोल, यात कीपरपेक्षा त्याच्यासमोरच्या बचावफळीचा वाटा मोठा असू शकतो. आधी एवढंच शोधा, की त्या पाच सामन्यांत गोलच्या चौकटीत फटके किती आले. समजा वीस आले आणि अठरा अडले. झाले ९० टक्के. व्यावसायिक लीगमधले कीपर चौकटीतल्या साधारण ७० टक्के फटक्यांना अडवतात. म्हणजे तुमचा विद्यार्थी त्यांच्याही वरचा ठरतो का? तसं नाही. ज्याची खरी कुवत ७० टक्क्यांची आहे, त्याच्यावर वीस-वीस फटक्यांचे गट मारत राहिलात तर नुसत्या योगायोगानं एखादा गट ५० टक्क्यांचा निघतो, एखादा ९० टक्क्यांचा. दोनशे फटके जमले की हीच खालीवर सहा-सात टक्क्यांवर येते. आपल्याकडे बाद पद्धतीच्या स्पर्धेत कॉलेजला हंगामात पाच-सहा सामने मिळतात. दोनशे फटके जमेपर्यंत पोरगा पदवी घेऊन बाहेर पडलेला असतो. त्यामुळे नुसत्या टक्केवारीवर कॉलेजच्या कीपरचं भवितव्य ठरत नाही.

शिवाय पंचवीस मीटरवरून थेट हातात आलेला फटकाही ‘अडवला’ म्हणूनच मोजला जातो आणि सहा मीटरवरून कोपऱ्यात मारलेलाही. दोन्हींना एकच गुण देणारा हिशोब काय कामाचा?

म्हणून एक वही घाला. सराव सामने धरून पुढचे दहा सामने लिहून काढा. हे काम राखीव खेळाडूकडे द्या, तो बाकावर बसलेलाच असतो. प्रत्येक फटक्यासाठी एक ओळ : डीच्या (गोलसमोरच्या पेनल्टी चौकोनाच्या) आतून की बाहेरून, फटका बसला तेव्हा कीपर स्थिर होता की पळत होता, आणि निकाल काय लागला. निकालाचे प्रकार चार : चेंडू पकडला, बाजूला ढकलला, समोर सांडला, गोल. यातला ‘समोर सांडला’ हा रकाना फार बोलका असतो. कॉलेजात सांडलेल्या चेंडूवर पोचणारा फॉरवर्ड बहुतेक वेळा उशिरा येतो, म्हणून गोल होत नाही आणि चूकही कुणाच्या डोळ्यात येत नाही. वरच्या पातळीवर तोच चेंडू जाळ्यात जातो. क्रॉस (बाजूनं गोलसमोर उंच टाकलेला चेंडू) आणि कॉर्नरसाठी वेगळं पान ठेवा : कीपर बाहेर आला का, चेंडूपर्यंत पोचला का, आणि यायला हवं होतं तेव्हा रेषेवरच थांबला का. तिसऱ्या पानावर पायानं आणि हातानं दिलेले पास : आपल्या माणसाला मिळाले किती, फुकट गेले किती.

दहा सामन्यांनंतर पहिले पाच आणि शेवटचे पाच शेजारी ठेवून बघा. एकोणिसाव्या वर्षी कीपर आज किती चांगला आहे, यापेक्षा पाच सामन्यांत तो काय शिकला याला जास्त वजन द्या. सांडलेले चेंडू निम्म्यावर आले असतील, तर हे पोरगं शिकवलं की उचलतं.

आणि फटके कुणाचे, हेही लिहा. दुबळ्या संघांविरुद्धचे दहा सामने एका तगड्या सामन्याची बरोबरी करत नाहीत. संभाजीनगरला आमखास मैदानावर खेळणाऱ्या वरिष्ठ संघांशी किंवा पुण्याच्या एखाद्या क्लबशी दोन सराव सामने ठरवा. घरच्यांना तोवर एवढंच सांगा : पदवी सोडायची नाही, पुढच्या हंगामाच्या शेवटी पुन्हा बोलू.

प्रश्न : आमच्याकडे दोन कीपर आहेत. एक जबरदस्त झेपा घेतो, प्रेक्षक टाळ्या वाजवतात. दुसरा साधा, झेप क्वचितच घेतो, पण गोल कमी खातो. विद्यापीठाच्या निवड चाचणीला एकच नाव सुचवायचं आहे. निवडणारे नेमकं काय बघतात?
— फुटबॉल प्रशिक्षक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आमचं मत दुसऱ्याकडे झुकतं. पण आमच्या शब्दावर जाऊ नका, मोबाइल लावा.

मोबाइल गोलच्या मागे, जाळीच्या बाहेर, थोडा तिरपा, डोक्याच्या उंचीवर ठेवा. कीपर आणि फटका मारणारा दोघेही दिसले पाहिजेत. मग चित्रण पुढेमागे करत अशा क्षणाला थांबवा, जिथं बुटाचा चेंडूला स्पर्श होतो आहे. त्या एका चित्रात कीपर बघा. दोन्ही पाय जमिनीवर आहेत का? पायांत खांद्याएवढं अंतर आहे का? वजन चवड्यांवर, गुडघे किंचित वाकलेले, हात पुढे, छाती थोडी पुढे झुकलेली आहे का? की एक पाय हवेत आहे, किंवा तो मागे सरकतो आहे? पाय हवेत असेल तर तो आधी खाली यायला हवा, मगच रेटा देता येतो. तेवढ्यात चेंडू निम्म्या वाटेवर आलेला असतो.

हिशोब करून बघा. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. डीच्या रेषेवरून, म्हणजे १६.५ मीटरवरून निघालेला असा फटका ०.६६ सेकंदात गोलरेषेवर पोचतो. त्यातलं साधारण ०.२ सेकंद डोळ्यानं बघून शरीर हलायलाच जातं. उरलेल्या वेळात पाय रोवणं, रेटा देणं आणि हात पोचवणं. त्यातच एखादं चुकीचं पाऊल टाकलं गेलं तर झेप कितीही देखणी असो, बोटं चेंडूच्या मागे राहतात.

जागेचंही तसंच. गोल ७.३२ मीटर रुंद असतो. फटका १६.५ मीटरवरून अगदी समोरून येत असेल आणि कीपर गोलरेषेवर उभा असेल, तर त्याला दोन्ही बाजूंना ३.६६ मीटर राखावे लागतात. तोच तीन मीटर पुढे आला की त्याच्या रेषेवर राखायची रुंदी सहा मीटरवर येते, म्हणजे एकेका बाजूला तीनच. एकेका बाजूचं सुमारे ६५ सेंटीमीटरचं काम पावलांनीच झालं. तुमचा दुसरा कीपर झेप घेत नाही, कारण बहुधा त्याला ती लागतच नाही. पहिला ज्या चेंडूंवर झेपावतो, त्यातले किती चेंडू दोन पावलं आधी योग्य जागी उभं राहून छातीशी घेता आले असते, हे त्याच चित्रणात मोजा. मात्र पुढे यायला मर्यादा आहे. चार-पाच मीटरपलीकडे गेला आणि समोरच्यानं मान वर करून बघितलं, तर चेंडू डोक्यावरून जाईल.

इथवरचं बघणं फटक्यांचं झालं. हल्ली निवडणारे त्यानंतर लगेच पाय बघतात. १९९२ पासून साथीदारानं पायानं दिलेला बॅक पास हातात घेता येत नाही. तेव्हापासून कीपर हा अकरावा पास देणारा खेळाडू झाला, पण आपल्या कॉलेजांत अजून ‘जोरात उडव’ एवढंच शिकवलं जातं. चाचणी सोपी आहे : स्टॉपरकडून (मधल्या बचावपटूकडून) बॅक पास द्या, एक फॉरवर्ड अंगावर धावू द्या आणि बघा. दोन स्पर्शांत, उजव्या आणि डाव्या दोन्ही पायांनी तो चेंडू आपल्या माणसाकडे देतो का? डावा पाय अजिबात चालत नसेल तर प्रतिस्पर्धी उजवी बाजू बंद करून त्याला डावीकडे ढकलतात, आणि चेंडू थ्रो-इनला जातो किंवा थेट त्यांच्या पायात. २०२५ पासून आठ सेकंदांचा नियमही आला आहे. कीपरनं चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त ठेवला तर समोरच्यांना कॉर्नर मिळतो, शेवटचे पाच सेकंद रेफरी हात वर करून मोजून दाखवतो. चेंडू पकडल्यावर आधी झोपून राहायचं, मग उठून शोधायचं, ही सवय आता महागात पडते. पकडता पकडता पुढची जागा बघून ठेवणारा कीपर लगेच ओळखू येतो.

क्रॉसवर निर्णय बघा. बाहेर यायचं ठरवलं तर ‘कीपर!’ ही हाक मोठ्यानं आणि लवकर आली पाहिजे, थांबायचं ठरवलं तर ‘अवे!’ (चेंडू लांब काढा) ही. हाक न देता निम्म्यापर्यंत येऊन थबकणारा कीपर सगळ्यांत धोकादायक. पुढे यायचं ठरवल्यावर एका पायावर उडी, अंगावर येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या बाजूचा गुडघा वर, चेंडू डोक्यासमोर उंचावर. गर्दीत पकडणं जमत नसेल तर दोन्ही मुठींनी ठोसा द्यायचा, उंच आणि लांब, शक्यतो बाजूला.

आणि गोल खाल्ल्यानंतरची दहा मिनिटं मुद्दाम बघा. काही मुलं गोल खाल्ला की रेषेला चिकटतात, हाका बंद होतात, गोल-किक घाईनं मारतात. हे सुधारता येतं, पण आधी दिसलं पाहिजे.

चित्रफीत पाठवायची झाली तर पाच मिनिटांची कापलेली आणि सोबत एक पूर्ण सामना न कापता द्या. कापलेल्या भागात गाणं नको, संथगती नको. सुरुवातीला क्रॉस आणि पायाचं काम घ्या, झेपा शेवटी. खाल्लेले गोलही ठेवा. अनुभवी प्रशिक्षक तेच आधी शोधतात आणि ते नसले की संशय घेतात.

प्रश्न : माझी उंची ५ फूट ८ इंच आहे, वय १८. सगळे म्हणतात कीपिंग सोड आणि बॅक खेळ. खरंच काही चान्स नाही का?
— बारावीचा विद्यार्थी, लातूर

उत्तर : मित्रा, क्रॉसचं कारण तुला कुणी देत असेल तर ते अर्धंच खरं आहे. तुझ्या उंचीच्या मुलाचा हात उभ्यानं साधारण सव्वादोन मीटरपर्यंत जातो. धावत येऊन एका पायावर साठ सेंटीमीटर उडी घेतलीस तर २.८५ मीटर. समोरचा फॉरवर्ड १.८५ मीटरचा असला आणि तोही साठ सेंटीमीटर उडाला, तरी त्याचं डोकं २.४५ मीटरवर जातं. म्हणजे वेळ साधली तर तू त्याच्या चाळीस सेंटीमीटर वर. अडचण येते ती गर्दीत, धावायला जागा नसताना. आणि त्याहून जास्त येते वरच्या दोन कोपऱ्यांत आणि डोक्यावरून टाकलेल्या चेंडूंवर, कारण तिथं हाताची लांबी कमी पडते.

क्लब उंची आधी बघतात, हे मात्र खरं. भारताकडून खेळलेला कीपर गुरप्रीत सिंग संधू १.९७ मीटरचा आहे. देशातले वरच्या फळीतले बहुतेक कीपर सहा फुटांच्या आसपास किंवा त्याहून उंच आहेत. अमेरिकेत निक रिमांडो पावणेसहा फुटांच्या आसपास असूनही तिथल्या एमएलएस लीगमध्ये सर्वाधिक क्लीन शीटचा (एकही गोल न खाल्लेल्या सामन्यांचा) विक्रम करून २०१९ मध्ये निवृत्त झाला. कॉलेजातूनच वर आला होता तो. पण अशी उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तुझ्यासमोरची वाट अरुंद आहे आणि तिच्यावरून जायचं तर पायाचं काम आणि बाहेर येण्याचा निर्णय या दोन्हींत तू उंच मुलांपेक्षा स्पष्टपणे सरस असायला हवास. नुसता बरोबरीचा असून चालणार नाही. एक हंगाम कीपिंगसोबत बॅकचाही सराव ठेव, तेवढंच पायाचं काम पक्कं होईल. बारला लटकून किंवा पावडर खाऊन उंची वाढवण्याच्या नादी मात्र लागू नकोस.

प्रश्न : आमचं मैदान मुरमाचं आहे. झेप घेतली की कंबर आणि कोपर सोलतं, म्हणून पोरं झेपच घेत नाहीत. ग्लोव्हज तर महिन्यात फाटतात. काय करावं?
— महाविद्यालयीन संघाचा कर्णधार, नांदेड

उत्तर : ही मराठवाड्यातल्या कीपरची सगळ्यांत मोठी अडचण आहे. चाचणीत मुलं मागे पडतात, त्याचं एक मोठं कारण हेच. अंगाला लागेल ही भीती शरीरात बसते, मग हिरवळीवर नेलं तरी झेप अर्धी राहते.

झेप मैदानावर शिकूच नका. गावातल्या तालमीत वस्तादांची परवानगी काढून हौदातल्या मऊ मातीत शिका, नाहीतर लांब उडीच्या वाळूच्या खड्ड्यात. कुस्तीची गादी मिळाली तर उत्तम. क्रम असा : आधी बसून, मग गुडघ्यावरून, मग उकिडवं, मग उभ्यानं, शेवटी दोन पावलं टाकून. प्रत्येक टप्प्यावर दोन्ही बाजूंना दहा-दहा. बाजू बदलून समान केल्या नाहीत तर डावीकडची झेप कायमची कच्ची राहते. पडताना आधी पोटरीची बाहेरची बाजू टेकते, मग मांडी, मग कुशी आणि खांदा. कोपर आधी टेकलं किंवा पोटावर पडलात तर इजा होणारच, चेंडूही हातातून निसटेल. चेंडूच्या बाजूच्या पायानं तिरपं पुढे पाऊल टाकायचं, मागे नाही.

मैदानावर कंबरेला पॅड असलेली शॉर्ट्स आणि कोपराला स्लीव्ह घालून, आठवड्यातून एकदाच, थोड्या झेपा. बाकीचे दिवस पावलं, पकड, क्रॉस. काळ्या मातीचं मैदान असेल तर डिसेंबरनंतर भेगा पडतात, त्यांत घोटा मुरगळतो. निदान डीचा भाग माती टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून घ्या. खडबडीत जमिनीवर खालचा चेंडू घेताना हातांमागे नेहमी पोटरी किंवा गुडघा आडवा ठेवा, कारण शेवटच्या क्षणी चेंडू उडतो.

ग्लोव्हज दोन जोड ठेवा. चांगल्या लेटेक्सचे सामन्याला, जुने सरावाला. मऊ लेटेक्स चेंडू चांगला धरतं आणि मुरमावर तेच आधी झिजतं. म्हणून सरावाला पकड कमी पण टिकाऊ तळव्याचे घ्या. उठताना तळवा टेकू नका, मूठ टेकून उठा. निम्मे ग्लोव्हज तळवा टेकून उठण्यानंच फाटतात. घालण्याआधी तळवा थोडा ओला करा, वापरल्यावर कोमट पाण्यानं साबणाशिवाय धुवा आणि सावलीत वाळवा. उन्हात लेटेक्स कडक होऊन तडकतं. दोन तळवे एकमेकांना चिकटवून पिशवीत ठेवू नका.

चाचणी पुण्या-मुंबईत असेल तर ती कृत्रिम टर्फवर होण्याची शक्यता मोठी. तिथं चेंडू ओल्या पृष्ठभागावर टप्पा खाऊन न थांबता सरपटत वेगानं येतो. शक्य असेल तर दोन-तीन दिवस आधी जाऊन तशा टर्फवर खेळून घ्या, आणि लांब स्टडचे बूट घेऊन जाऊ नका.

प्रश्न : माझी लेक बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, कॉलेजच्या संघात गोलकीपर. सर म्हणतात तिच्यात दम आहे. घरात मात्र म्हणतात, मुलीच्या जातीला फुटबॉलमध्ये काय ठेवलंय. तिला पुढं पाठवावं का?
— एक आई, बीड

उत्तर : ताई, सरांना विचारा, तिच्यात नेमकं काय आहे. ‘दम आहे’ एवढ्यावर थांबू नका. क्रॉसला बाहेर येते का, बचावफळीला हाका देते का, चेंडू पायानं नीट देते का, एवढी तीन उत्तरं मागा. यातली दोन ‘हो’ असतील तर जरूर पाठवा.

मुलींच्या फुटबॉलमध्ये सामने कमी होतात, हे अडचणीचं. पण धाडसानं गोलमध्ये उभ्या राहणाऱ्या मुलीही कमी आहेत, त्यामुळे चांगल्या कीपरला संघ शोधत येतात. महिलांची राष्ट्रीय लीग, इंडियन वुमेन्स लीग, २०१६-१७ पासून सुरू आहे. भारताची माजी कीपर अदिती चौहान इंग्लंडच्या लफबरा विद्यापीठात शिकायला गेली आणि तिथूनच २०१५ मध्ये वेस्ट हॅमच्या महिला संघात खेळली. शिक्षण आणि खेळ हातात हात घालून गेले.

एक गोष्ट लक्षात ठेवा. महिलांनाही गोल तेवढाच, ७.३२ मीटर बाय २.४४ मीटर. त्यामुळे डोक्यावरून टाकलेले चेंडू मुलींना जास्त सतावतात. पाय मागे न घसरवता, आडवं वळून, धावत मागे जायचा सराव हवा. मुलींमध्ये गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापतही मुलांपेक्षा जास्त होते. सरावाआधी ‘फिफा ११ प्लस’ हा सुमारे वीस मिनिटांचा व्यायामक्रम आठवड्यातून निदान दोनदा करून घ्यायला सरांना सांगा. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासा. कमी असेल तर मुलगी दुसऱ्या हाफमध्ये गळते आणि लोक म्हणतात तिच्यात दम नाही.

प्रश्न : एका एजंटानं सांगितलं की दीड लाख रुपये भरले तर मुलाची युरोपातल्या क्लबमध्ये ट्रायल होईल, निवडीची हमी आहे. भरावेत का?
— पालक, जालना

उत्तर : भरू नका. हमी देणारी ट्रायल कुठेच नसते. परवानाधारक एजंटाचं उत्पन्न खेळाडूला करार मिळाल्यावर त्याच्या पगारातल्या ठरलेल्या वाट्यातून येतं, ट्रायलच्या आधी पालकांकडून नाही. एजंटाला फिफाचा परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर बघता येते. नाव शोधा. नसेल तर विषय तिथंच संपवा. असलं तरी क्लबचं पत्र मागा आणि क्लबच्या अधिकृत ईमेलवर स्वतः लिहून खात्री करा. देशातल्या ट्रायलबाबतही क्लबच्या स्वतःच्या अधिकृत खात्यावर घोषणा आहे का, ते बघा. मुलाची अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन प्रणालीत नोंद आहे का, कोणत्या क्लबच्या नावावर आहे, तेही तपासा. न वाचता केलेली सही पुढे दुसऱ्या क्लबात जाताना आडवी येते.

प्रश्न : पदवीसाठी अमेरिकेला जायचा विचार आहे. तिथं कॉलेज फुटबॉलमधून थेट व्यावसायिक होतात म्हणे. कीपरला ते कितपत शक्य आहे?
— विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : वाट खरी आहे, पण तिथंही बाटलीच्या गळ्यासारखी. तिथल्या एमएलएस लीगचे क्लब कॉलेजच्या खेळाडूंची वार्षिक निवड करत आले आहेत, तिला सुपरड्राफ्ट म्हणतात. २०१४ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला खेळाडू कीपर होता, कनेक्टिकट विद्यापीठाचा आंद्रे ब्लेक. २०२२ मध्ये इंडियाना विद्यापीठाचा रोमन सेलेन्तानो दुसऱ्या क्रमांकावर गेला. उलट फेअरफिल्ड विद्यापीठाच्या मॅट टर्नरला २०१६ मध्ये कुणीच निवडलं नाही. तो न्यू इंग्लंड रेव्होल्यूशनकडे चाचणीतून शिरला, २०२१ मध्ये लीगचा सर्वोत्तम कीपर ठरला, २०२२ मध्ये इंग्लंडच्या आर्सेनल क्लबला गेला आणि कतारच्या विश्वचषकात अमेरिकेच्या गोलमध्ये उभा राहिला. कॉलेजातल्या कीपरला ओळखण्यात मुरलेले लोकही चुकतात ते असं. त्याच्या कॉलेजच्या टक्केवारीपेक्षा त्याची फटके अडवण्याची वेगवान प्रतिक्रिया आणि शिकण्याची चढती रेघ पुढे कामाला आली.

तुला निर्णय घ्यायचाय तो असा. तिथल्या एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या स्पर्धेत तीन विभाग आहेत. तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. पहिल्या दोन विभागांत मिळते, पण ती बहुतेकदा अंशतः असते आणि एका संघात कीपर तीन-चार, खेळतो एक. म्हणून प्रशिक्षकांना लिहिताना एक प्रश्न नक्की विचार : सध्याचा पहिला कीपर कितव्या वर्षाला आहे? तो दुसऱ्या वर्षाला असेल तर तुझी दोन वर्षं बाकावर जातील. हंगाम ऑगस्ट ते डिसेंबर एवढाच असतो, त्यामुळे उन्हाळ्यातल्या लीगमध्ये जागा मिळते का तेही विचार. शिक्षणाच्या जोरावर प्रवेश आणि शिष्यवृत्ती मिळत असेल तरच जा. केवळ कीपिंगच्या भरवशावर घरच्यांना कर्जात टाकू नकोस.

प्रश्न : मी २२ वर्षांचा, एम.ए.च्या पहिल्या वर्षाला. विद्यापीठ संघात दोन वर्षं होतो. आता उशीर झाला का? आणि नाही जमलं तर पुढं काय?
— विद्यार्थी, हिंगोली

उत्तर : कीपर उशिरा पिकतो, तिशीत भरात येतो, हे खरं आहे. पण दारं वयानं बंद होतात. युवा लीगमध्ये तुझी जागा संपली. आंतरविद्यापीठ स्पर्धेतही वयाची अट असते, ती २५ ची. म्हणून आता थेट वरिष्ठ संघातच शिरायचं.

हिंगोलीत बसून ते होणार नाही. पुणे किंवा मुंबईच्या जिल्हा लीगमध्ये खालच्या श्रेणीतला असा क्लब शोध जिथं तू पहिला कीपर होशील. वरच्या श्रेणीतल्या क्लबात तिसरा कीपर होऊन बसलास तर सराव होतो, सामने होत नाहीत, आणि कीपरचा निर्णय सामन्यातच पक्का होतो. अमरिंदर सिंग पुणे एफसीतून पुढे येऊन भारतीय संघापर्यंत गेला, तोही सामने खेळतच. स्वतःला दोन हंगाम दे. दुसऱ्या हंगामाअखेर तू वरच्या श्रेणीतल्या एखाद्या क्लबचा पहिला कीपर झाला नसशील, तर व्यावसायिक फुटबॉल हे पोटापाण्याचं साधन होणार नाही असं धरून चाल. खेळ सोडायची गरज नाही.

तोवर दुसरी तयारी समांतर ठेव. फुटबॉल महासंघाचा प्रशिक्षकाचा पहिला परवाना आणि गोलकीपर प्रशिक्षकांचा प्राथमिक अभ्यासक्रम कर. मराठवाड्यातल्या कॉलेजांत आणि अकादमींत कीपरला शिकवणारा माणूस मिळत नाही, ती जागा रिकामीच आहे. रेल्वे, पोलीस, सेनादल यांच्या खेळाडू भरतीवर लक्ष ठेव. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण कोणत्या स्पर्धेतली कोणती कामगिरी कोणत्या गटाच्या पदाला चालते हे ठरलेलं असतं. तुझी विद्यापीठाची आणि विभागीय स्पर्धेची प्रमाणपत्रं घेऊन जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा, ती कुठं बसतात ते विचार आणि पडताळणीचा अर्ज आत्ताच टाक. पडताळणीला वेळ लागतो, आणि जाहिरात निघाल्यावर धावपळ केली तर अर्जाची मुदत निघून जाते.